औषधनिर्मितीतील विद्रावक : गोळीत न उरणारा द्रव

औषधाच्या गोळीत काय असते याची चर्चा पुष्कळ होते. ती तयार होताना जे वापरले जाते आणि अखेरीस गोळीत उरत नाही, किंवा उरू नये अशी अपेक्षा असते, त्याकडे मात्र सामान्य वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. मूळ औषधद्रव्य रासायनिक विक्रियेने तयार करावयाचे म्हणजे त्याचे घटक पदार्थ प्रथम एखाद्या द्रवात विरघळवावे लागतात. विक्रिया पूर्ण झाल्यावर तयार झालेले द्रव्य दुसऱ्या द्रवाने वेगळे काढावे लागते, तिसऱ्या द्रवातून त्याचे स्फटिक मिळवावे लागतात, आणि पुढचा माल घेण्यापूर्वी पात्रेही द्रवानेच धुवावी लागतात. या द्रवाला परिभाषेत विद्रावक म्हणतात. शालेय पुस्तकांत तो द्रावक या नावाने येतो आणि कारखान्यात त्याला सर्रास सॉल्व्हंट असे म्हटले जाते.

पाण्यासारखा स्वस्त व निरुपद्रवी विद्रावक उपलब्ध असताना इतरांची गरज काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. हळद फोडणीच्या तेलात पडताच आपला रंग सोडते. तीच हळद थंड पाण्यात टाकली तर बव्हंशी तळाशी बसते. बहुतेक औषधद्रव्यांचे रेणू या बाबतीत हळदीच्या जातीचे असतात. पाण्यात ते विरघळत नाहीत आणि काही वेळा पाण्याशी संबंध येताच बिघडतात. त्यामुळे टोल्यूइन, हेक्झेन, टेट्राहायड्रोफ्युरॉन, कारखान्यातील कामगार ज्याला एमडीसी म्हणतात ते डायक्लोरोमिथेन, अशा सेंद्रिय द्रवांचा आश्रय घ्यावा लागतो. यांपैकी बहुतेकांचा उगम खनिज तेलात आहे.

या द्रवांचे प्रमाण किती असते हे ऐकून आश्चर्य वाटेल. औषधनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या एकूण द्रव्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा विद्रावकांचा असतो. रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये निरनिराळ्या रासायनिक उद्योगांत १ किलोग्रॅम उत्पादनामागे किती किलोग्रॅम टाकाऊ पदार्थ निर्माण होतात याचा हिशेब मांडला. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात हा आकडा सुमारे ०.१ होता. औषधांच्या बाबतीत तो २५ ते १०० आणि कधी त्याहूनही अधिक होता. जे उद्योग सर्वांत घाणेरडे मानले जातात ते या हिशेबात सर्वांत काटकसरी ठरले आणि ज्याची प्रतिमा सर्वांत स्वच्छ, तो उद्योग सर्वांत उधळा निघाला! एकूण टनांत पाहिले तर औषधांचे उत्पादन पेट्रोलपेक्षा फारच थोडे असते हे खरे. तरीही प्रमाणाची ही विषमता डोळ्यांआड करण्याजोगी नाही.

जुन्या विद्रावकांचे गुण आणि अवगुण

एमडीसीचेच उदाहरण घेऊ. हा द्रव सहजासहजी पेट घेत नाही, पाण्यात फारसा मिसळत नाही, असंख्य पदार्थांना विरघळवतो आणि सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे काम झाल्यावर अल्प उष्णतेने तो उडवून लावता येतो. रसायनज्ञाला तो प्रिय होण्याची कारणे हीच आहेत. परंतु ४० अंश हे विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी सावलीतले तापमान असते. अशा हवेत उघड्या पिंपातून किंवा गळक्या जोडातून तो किती वेगाने निसटत असेल याची कल्पना करता येईल. श्वासावाटे शरीरात गेलेल्या डायक्लोरोमिथेनाच्या काही भागाचे शरीरातच कार्बन मोनॉक्साइड वायूत रूपांतर होते व रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. दीर्घकालीन संपर्काने कर्करोगाचा धोकाही संभवतो.

हेक्झेनाचे कार्य निराळे आहे. त्याच्यापासून शरीरात तयार होणारा एक पदार्थ मज्जातंतूंना इजा करतो. प्रथम हातापायांची बोटे बधिर होतात आणि पुढे स्नायू दुर्बल होतात. डायमिथिल फॉर्मामाइड, म्हणजे डीएमएफ, यकृताला बाधक आहे आणि तो त्वचेतूनही आत शिरतो. बेंझिनाचा रक्ताच्या कर्करोगाशी असलेला संबंध सर्वज्ञात आहे. शिवाय टोल्यूइन, हेक्झेन यांसारख्या द्रवांच्या वाफा ठिणगी मिळताच पेट घेतात, आणि ही ठिणगी कोरडी भुकटी पात्रात ओतताना निर्माण होणाऱ्या स्थिर विद्युतेचीही असू शकते.

रुग्णाच्या दृष्टीने यासंबंधी आंतरराष्ट्रीय स्तरावर काळजी घेण्यात आली आहे. औषधात विद्रावकाचा अंश किती राहिला तर चालेल याची मार्गदर्शक तत्त्वे १९९७ मध्ये निश्चित झाली. त्यांनुसार बेंझिनासाठी दर दशलक्ष भागांत २ भाग, क्लोरोफॉर्मसाठी ६०, हेक्झेनासाठी २९०, डायक्लोरोमिथेनासाठी ६०० अशा मर्यादा आहेत. इथेनॉल, ॲसिटोन, इथिल ॲसिटेट यांसारख्या सौम्य विद्रावकांना ५,००० भागांपर्यंत सामान्यतः मुभा आहे. मात्र गोळी निर्दोष ठरली म्हणजे ती तयार करणारा कामगार आणि कारखान्याच्या सांडपाण्याच्या वाटेवरील गाव हेही सुरक्षित राहिले, असा अर्थ होत नाही. गोळीत जो अंश नाही तो कोठे तरी गेलेलाच असतो.

सरट्रालिनाचा धडा

१९९८ मध्ये पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. विद्रावकासारखे साहाय्यक पदार्थ शक्यतो वापरूच नयेत, वापरावे लागले तर ते निरुपद्रवी असावेत, हे त्यांतील पाचवे तत्त्व होय. तत्त्व सांगणे सोपे. ते कारखान्यात उतरवता येते काय, याचे उत्तर नैराश्यावरील सरट्रालिन या औषधाच्या इतिहासात मिळते. फायझर या कंपनीला या औषधाच्या सुधारित प्रक्रियेबद्दल २००२ मध्ये अमेरिकेचे हरित रसायनशास्त्राचे राष्ट्राध्यक्षीय पारितोषिक मिळाले.

जुन्या प्रक्रियेत तीन टप्पे होते आणि त्यांत डायक्लोरोमिथेन, टेट्राहायड्रोफ्युरॉन, टोल्यूइन व हेक्झेन असे चार विद्रावक लागत. पहिल्या टप्प्यात दोन घटकांचा संयोग होताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो. हे पाणी तेथेच राहिले तर विक्रिया उलट फिरते, म्हणून ते शोषून घेण्यासाठी टायटॅनियम टेट्राक्लोराइड हे दाहक रसायन वापरावे लागे. त्यातून टायटॅनियम डाय-ऑक्साइडाचा गाळ निर्माण होई. तो वर्षाला ४४० मेट्रिक टन असे. नव्या प्रक्रियेत रसायनज्ञांनी विद्रावक म्हणून इथेनॉल घेतले. तयार होणारा मधला पदार्थ इथेनॉलात फारसा विरघळत नाही, म्हणून तो तयार होताच द्रवातून बाहेर पडतो. आणि जो पदार्थ द्रवात उरलाच नाही त्याला उलट फिरण्याचा मार्ग राहत नाही. पाणी शोषणाऱ्या रसायनाची गरजच संपली. पुढच्या टप्प्यात अधिक चोखंदळ असा पॅलेडियम उत्प्रेरक वापरला आणि तिन्ही टप्पे एकाच विद्रावकात, मधले पदार्थ वेगळे न काढता, पार पडू लागले.

परिणामी १ टन सरट्रालिनामागे लागणारे विद्रावक ६०,००० गॅलनांवरून, म्हणजे सुमारे २ लाख २७ हजार लिटरांवरून, ६,००० गॅलनांवर आले. उत्पादनाचा उतारा दुप्पट झाला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चार वाईट द्रवांच्या जागी चार चांगले द्रव आणून ठेवले असे काही घडले नाही. विद्रावकाच्या निवडीबरोबर सगळी प्रक्रियाच बदलली. सिल्डेनाफिल या औषधाच्या बाबतीतही असेच दिसून आले. शोधाच्या प्रारंभिक अवस्थेतील पद्धतीत १ किलोग्रॅम औषधामागे १,३०० लिटर विद्रावक लागत होता. व्यापारी उत्पादनाच्या पद्धतीत तो २२ लिटरांवर आणि वापरलेला द्रव परत मिळवण्याची सोय झाल्यावर ७ लिटरांवर आला.

मोठ्या कंपन्यांनी यापुढे जाऊन आपल्या रसायनज्ञांसाठी विद्रावकांचे तक्ते तयार केले. फायझरचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला तक्ता वाहतुकीच्या दिव्यांसारखा तीन रंगांचा आहे. पाणी, इथेनॉल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ॲसिटोन, इथिल ॲसिटेट हिरव्या रकान्यात. टोल्यूइन, हेप्टेन, ॲसिटोनायट्राइल पिवळ्यात. आणि हेक्झेन, डायक्लोरोमिथेन, डीएमएफ, डायॉक्झेन लाल रकान्यात. प्रत्येक लाल द्रवापुढे त्याऐवजी काय वापरून पाहावे तेही नमूद असते. २००४ ते २००६ या काळात कंपनीच्या संशोधन विभागातील क्लोरिनयुक्त विद्रावकांचा वापर निम्म्याने घटला. भिंतीवर लावलेल्या एका कागदाने इतके घडावे यावरून असे दिसते की, अनेक प्रयोगशाळांत विद्रावक गरजेपेक्षा सवयीनेच निवडला जात होता.

उसाच्या चोयट्यापासून विद्रावक

नव्या विद्रावकांपैकी महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत लक्षवेधी आहे तो २-मिथिल टेट्राहायड्रोफ्युरॉन. नाव लांबलचक असले तरी त्याचा जन्म आपल्या परिचयाच्या वस्तूतून होतो. उसाचा चोयटा, मक्याची कणसे यांसारख्या शेतीतील अवशेषांत पेंटोसान नावाची शर्करावर्गीय द्रव्ये असतात. ती आम्लाबरोबर तापवली असता फरफ्युरल हा द्रव मिळतो. हे तंत्र नवे नाही. अमेरिकेत ओटच्या टरफलांपासून फरफ्युरल काढण्याचा कारखाना १९२२ मध्येच सुरू झाला होता. फरफ्युरलवर हायड्रोजनाची विक्रिया केली की त्यापासून हा विद्रावक तयार करता येतो.

त्याचा जुना भाऊबंद टेट्राहायड्रोफ्युरॉन पाण्यात पूर्णपणे मिसळतो. त्यामुळे विक्रियेनंतर पाण्याने धुताना दोन थर वेगळे करण्यासाठी आणखी एखादा द्रव, बहुधा एमडीसी किंवा टोल्यूइन, घालावा लागतो. नवा विद्रावक पाण्यापासून स्वतःच वेगळा होतो. एक पिंप कमी लागते, परत मिळवणे सुलभ होते आणि उकळबिंदू सुमारे ८० अंश असल्याने हवेत उडून जाण्याचे प्रमाणही कमी असते. औषधातील अंशाबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांत २०२१ मध्ये त्याला सौम्य वर्गात स्थान मिळाले आहे.

चोयट्याला टाकाऊ म्हणण्याची प्रथा मात्र साखर कारखान्याच्या हिशेबनीसाला पटणार नाही. आपल्याकडे तो बाष्पकासाठी इंधन आहे आणि सहवीजनिर्मितीमुळे त्याला बाजारभावही आला आहे. फरफ्युरल काढायचे तर चोयट्याच्या त्या हिश्श्याची ऊर्जा अन्य मार्गाने मिळवावी लागेल. मळीपासून मिळणारे इथेनॉल तर कित्येक वर्षे आपल्या कारखानदारीचा भाग आहे. त्यातही एक मेख आहे. साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉल सुमारे ९६ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होते. उरलेले पाणी काढण्यासाठी वेगळी व्यवस्था व ऊर्जा लागते, आणि अनेक विक्रियांना पाण्याचा लवलेशही खपत नाही.

इतर पर्यायांचा उल्लेख थोडक्यात करता येईल. जपानमध्ये विकसित झालेला सायक्लोपेंटिल मिथिल ईथर हा जुन्या ईथरांइतका स्फोटक परॉक्साइडे तयार करीत नाही. लाकडातील सेल्युलोजापासून बनणारा सायरीन हा डीएमएफला पर्याय म्हणून पुढे आला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ब्रूस लिपशुट्झ यांनी ई जीवनसत्त्वापासून साबणासारखा एक पदार्थ तयार केला. पाण्यात त्याचे अतिसूक्ष्म गोलक होतात व तेलकट रेणू त्या गोलकांच्या पोटात शिरून विक्रिया करतात. या कार्याला २०११ चे पारितोषिक मिळाले. कार्बन डाय-ऑक्साइड वायू ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबाखाली वायू व द्रव यांच्या मधल्या अवस्थेत जातो आणि उत्तम विद्रावक बनतो. दाब सोडला की तो निघून जातो, मागे काही उरत नाही. कॉफीतील कॅफीन आणि मसाल्यांचे अर्क काढण्यासाठी ही पद्धत रूढ झाली आहे. तथापि दाब सोसणारी पात्रे महाग असल्याने लहान कारखान्यांना ती परवडत नाही.

हिरवे विशेषण लागले म्हणून कोणताही विद्रावक निर्दोष समजू नये. एन-मिथिल पायरोलिडोन हा द्रव एके काळी एमडीसीला सुरक्षित पर्याय म्हणून सुचवला जात असे. पुढे तो गर्भाला अपायकारक असल्याचे आढळून आले आणि आज तो लाल रकान्यात आहे. वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरणही खरे नाही. फरफ्युरल स्वतः विषारीच आहे.

महाराष्ट्रातील परिस्थिती

या राज्याचा विद्रावकांशी संबंध जुना आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सार्वजनिक उद्योगाची स्थापना झाली आणि पुढील वर्षी पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. बुरशीने पाण्यात सोडलेले पेनिसिलिन वेगळे करण्याची सर्वमान्य पद्धत विद्रावकावरच आधारलेली आहे. आंबट केलेल्या थंड द्रवातून ते ब्युटिल ॲसिटेटासारख्या विद्रावकात जाते आणि आंबटपणा कमी केला की पुन्हा पाण्यात परतते. आज तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ या औद्योगिक क्षेत्रांत मूळ औषधद्रव्ये तयार करणारे कारखाने आहेत. त्यांत मोठ्यांबरोबर लहान घटकही पुष्कळ आहेत.

कायद्याच्या रेट्याने बदल होऊ शकतो याचे एक उदाहरण या उद्योगाने अनुभवले आहे. ओझोन थराला घातक असलेले कार्बन टेट्राक्लोराइड मॉन्ट्रियल करारानुसार १ जानेवारी २०१० पासून भारतात विद्रावक म्हणून वापरातून बाद झाले. आयब्युप्रोफेनसारख्या औषधाच्या निर्मितीतही ते वापरले जात असे. आता परदेशांतील नियमांचा दाब वाढत आहे. युरोपात डीएमएफच्या हाताळणीवरील निर्बंध डिसेंबर २०२३ पासून लागू झाले. अमेरिकेने मे २०२४ मध्ये डायक्लोरोमिथेनाच्या बहुतेक उपयोगांवर बंदी आणली आणि जे उपयोग चालू राहतील तेथे कामाच्या ठिकाणच्या हवेतील त्याचे प्रमाण आठ तासांच्या सरासरीने दशलक्ष भागांत २ भागांवर आणण्याचे ठरवले. पूर्वीची मर्यादा २५ होती.

तरीही जो घटक वर्षानुवर्षे एकच औषध करीत आहे त्याला विद्रावक बदलणे सोपे नसते. मान्यताप्राप्त प्रक्रियेतील द्रव बदलला की त्याबरोबर येणाऱ्या अशुद्धीही बदलतात. त्या नव्याने तपासून औषध नियंत्रकांची संमती घ्यावी लागते. स्फटिकांचा घाटही विद्रावकानुसार बदलतो. तो बदलला तर औषध पोटात विरघळण्याचा वेग बदलू शकतो. एड्सवरील रिटोनाव्हिर या औषधाच्या कॅप्सूलांत १९९८ मध्ये एक नवे, कमी विरघळणारे स्फटिकरूप अनपेक्षितपणे अवतरले व त्या बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. तेथे विद्रावक बदललेला नव्हता. पण स्फटिकाशी खेळ किती महागात पडतो हे त्यावरून कळते. म्हणून बदलाची खरी संधी नवे औषध हाती घेतानाच, प्रक्रियेचा पहिला आराखडा कागदावर असताना असते.

संशोधनाच्या पातळीवर येथे काम झालेले आहे. माटुंग्याच्या ज्या संस्थेला जुने लोक अजूनही यूडीसीटी म्हणतात, त्या आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. व्ही. जी. गायकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिऱ्यातील पायपरीन आणि हळदीतील कर्क्युमिन सेंद्रिय विद्रावकाऐवजी विशिष्ट क्षारांच्या जलीय विद्रावाने काढून दाखवले. अशा क्षारांच्या दाट विद्रावात एरवी न विरघळणारे द्रव्य विरघळते आणि नुसते पाणी घालून तो पातळ केला की ते द्रव्य खाली बसते. फोडणीच्या तेलाचे काम येथे खारट पाण्याने केले.

जुन्या घटकांच्या हाती तूर्त जे आहे ते वापरलेल्या द्रवाच्या पुनर्प्राप्तीचे काम. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत औषधनिर्मितीतील वापरलेले विद्रावक घातक कचरा म्हणून नमूद आहेत आणि त्यांचा हिशेब ठेवणे बंधनकारक आहे. पुनर्प्राप्तीची अर्धी लढाई मात्र ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात होत नाही, ती त्याआधी पिंपांच्या रांगेत होते. एकच द्रव असलेले पिंप पुन्हा शुद्ध करता येते. पाळी संपताना जागा वाचवण्यासाठी मिथेनॉलाचे उरलेसुरले एमडीसीच्या पिंपात ओतले गेले, तर साध्या ऊर्ध्वपातनाने ते दोन्ही पूर्णपणे वेगळे होत नाहीत. असा मिश्र माल मग जाळण्यासाठी पाठवावा लागतो, आणि त्यात क्लोरिन असल्याने सिमेंटच्या भट्ट्याही तो मर्यादित प्रमाणातच स्वीकारतात.